एक नंबरचं खोकं

ती. आत्या,

नमस्कार. साष्टांगच घातला असता, पण त्याला सहा फूट मोकळी जमीन लागते आणि या नव्या क्वार्टरमध्ये खोकी सोडून सध्या दोनच फूट उरली आहे. तेवढ्यात मावेल तेवढा नमस्कार गोड मानून घे. तुझे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की नुसती वहीत खूण करतेस? (तुझी खूण मला ओळखू येते. माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांच्या सहीऐवजी कैकदा तीच असायची.)

आम्ही सुखरूप पोचलो. ह्यांची ही तीन वर्षांतली तिसरी बदली. फौजेत हुकूम सोमवारी येतो आणि शुक्रवारी भिंतीवर फक्त खिळे उरतात. ह्यांना त्याचं काही वाटत नाही. माझी मात्र नोकरी आहे. बाबा शेजाऱ्यांना 'ती कॉम्प्युटरवर असते' एवढंच सांगतात, म्हणून तुला पुन्हा नीट लिहिते. औषधं पोचवणाऱ्या कंपनीचे ट्रक कोणत्या क्रमाने भरायचे, ते मी घरबसल्या ठरवते. सहा महिने उमेदवारीचे, ते आता संपत आलेले. शनिवारी अकरा वाजता व्हिडिओ कॉलवर तीन साहेबांपुढे मला माझी योजना मांडायची होती आणि त्यावरून मला कायम करायचं की घरी पाठवायचं हे ठरणार होतं. (घरी तर मी आधीच असते, पण ते वेगळं.) योजनेचं सार एका वाक्याचं: जे आधी उतरवायचं, ते शेवटी चढवा. त्यावर मी बावीस पानं केली होती, रंगीत बाणांसकट. शिवाय बदलीमुळे कामात एका तासाचाही खंड पडणार नाही, असं आमच्या प्रमुख बाईंना लिहून दिलं होतं. त्यांनी मागितलं नव्हतं, माझंच मला राहवलं नाही. तू बाबांशी भांडून मला कॉलेजात घातलंस, घरातली पहिली पदवी माझी, आणि त्या पदवीवर मिळालेली पहिली नोकरी सामान हलवताना पडून फुटली, असं तुला कळवायची वेळ मला येऊ द्यायची नव्हती.

शुक्रवारी खोक्यांवर महत्त्वाप्रमाणे नंबर पडले. एक नंबर म्हणजे सगळ्यांत महत्त्वाचं: लॅपटॉपचा चार्जर, इंटरनेटचं यंत्र, माझ्या कामाच्या वह्या. त्रेचाळीस नंबर म्हणजे ज्याचं काय करायचं ते कोणालाच ठाऊक नाही असं: लग्नात आलेली पाच भिंतीवरची घड्याळं. ट्रक आला तेव्हा मी रिकाम्या न्हाणीघरात दार लावून नळासमोर सराव करत होते. 'जे आधी उतरवायचं, ते शेवटी चढवा' हे वाक्य तिथे काय सुरेख घुमतं! बाहेर हे चार जवानांना खोकी मोजून देत होते. एक, दोन, तीन, शिस्तीत.

शनिवारी पावणेदहाला ट्रक नव्या दारात उभा राहिला. ड्रायव्हरकाकांनी मागचा फाळका उघडला, तर समोर त्रेचाळीस नंबर, आतून पाचही घड्याळांची टिकटिक. एक नंबर कुठे असेल हे सांगायला पदवी लागत नाही. लॅपटॉपमध्ये बॅटरी एकोणीस टक्के. शेजारच्या बाईंचा चार्जर मागून आणला, तो बसेना. (चार्जर हातातल्या पिशवीत का ठेवला नाहीस, असं तू विचारशील. सगळेच विचारतात. पुढे वाच.) मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे जवानांकडे पाहून म्हणाले, "चुकलं माझं. एक नंबर पहिला चढवला."

पावणेअकरापर्यंत अकरा खोकी उतरली. मागे नीटनेटक्या खोलीचं खोटं चित्र लावून बसावं, असं एकदा मनात आलं. पण मन धजेना. ट्रकातच वळकटीवर बसले, मोबाइलचं इंटरनेट जोडलं आणि साहेबांना सरळ सांगितलं, की चूक दाखवायला मला लांब जावं लागलं नाही, ती माझ्याच घरची आहे. आणि कॅमेरा फिरवला. मागे जवान कपाट उतरवत होते आणि हे, "हळू! बाईसाहेबांची मीटिंग चालू आहे!" असं गल्ली ऐकेल इतक्या जोरात ओरडत होते. एक साहेब हसले. दुसऱ्यांनी विचारलं, हे ड्रायव्हर लोकांच्या गळी उतरेल का? मी सातव्या पानावरचा तक्ता शोधतेय, तोच ड्रायव्हरकाका आत डोकावून म्हणाले, "साहेब, आम्हाला हे रोजच ठाऊक असतं. पण माल भरताना आम्हाला चहाला पाठवतात."

मग मधले साहेब म्हणाले, "हे बघा, तुम्हाला आम्ही..." आणि पडदा काळा झाला.

तुम्हाला आम्ही काय? आत्या, पुढचे दोन तास मी स्वतः खोकी ओढली. दीड वाजता एक नंबर निघालं. चार्जर लावला, तर लॅपटॉपवर (कंपनीचे निरोप तिथेच येतात) प्रमुख बाईंचा निरोप येऊन पडलेला: 'योजना मंजूर. तुम्ही कायम. बावीस पानांची दोन करा. त्या ड्रायव्हरकाकांचा फोन नंबर पाठवा.'

तेव्हा काळजी नसावी. बाबांना नमस्कार, तुझ्या गुडघ्यांना वेगळा.

तुझी,
कायम झालेली भाची

ता. क. हे सगळ्यांना फोनवर सांगताहेत, की नंबर त्यांनी टाकले, चूक त्यांची. काल बाबांनी त्यांना अर्धा तास समजावलं, की जावईबापू, पदवीधर बायको घरात असताना तिला विचारून सामान भरावं. हे 'हो बाबा, हो बाबा' करत होते.

आणखी एक ता. क. वर मी 'नंबर पडले' असं लिहिलंय. आत्या, नंबर आपोआप पडत नाहीत. ते मी टाकले. चार्जरही मीच भरला, आणि 'एकापासून क्रमाने चढवा' असं न्हाणीघराच्या दाराआडून ओरडले तीही मीच.

शेवटचा ता. क. एक नंबरच्या खोक्यात सगळ्यांत वर माझं पदवीचं प्रमाणपत्र निघालं, ह्यांच्या इस्त्रीच्या शर्टात गुंडाळलेलं. मी ते सतराव्या खोक्यात, चादरींखाली ठेवलं होतं. कोणी हलवलं, ते मी विचारलं नाही, ह्यांनी सांगितलं नाही. तर काम असं आहे: बाबांना खरं काय ते तूच सांग. मला त्यांच्यापुढे अजून पदवीधर राहायचंय. ऐकल्यावर ते लगेच मला फोन करायला उठतील, तेव्हा म्हण, तिची बॅटरी उतरलीय. उतरलेली नाही. पण प्रगतिपुस्तकावर सह्या करायचीस, तशीच ही एक समज.