आईचा गुडघा

तिसगाव,
ता. ११ फेब्रुवारी १९७२

प्रिय अक्का,

तुला आणि दाजींना नमस्कार. तुझं कार्ड पोचलं. खर्ड्याला सगळे बरे आहेत, दाजींचा खोकला थांबला, हे वाचून दाखवल्यावर आईला बरं वाटलं. इकडे हरभरा उपटून झाला.

आईची जखम भरली. टाक्यांतून पू यायचा तोही थांबला. पाणी उकळून रोज मीच पट्टी बदलत होतो. पण गेल्या पत्रात आई पाटावर बसायला लागली असं लिहिलं, ते खोटं होतं. पाय लाकडासारखा ताठ आहे. चुलीपाशी तिला बसता येत नाही. भाकरी मी थापतो, ती खाटेवरून बघते.

प्लास्टर काढलं तेव्हा नगरच्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं. गुडघ्याची फुटलेली अर्धी वाटी काढलीय, आता रोज दोनदा गुडघा वाकवायचा, ती ओरडली तरी थांबायचं नाही. आई ओरडली नाही गं. पदर तोंडात धरून माझ्याकडं नुसती बघत राहिली. मी पाय खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी नुसता हात लावला. "झालं का रं?" म्हणाली. मी म्हणालो, "झालं." महिना असाच गेला.

शेजारची छबूबाई म्हणते, "कालेजात पोरांची थोबाडं फोडून आला, अन् आईच्या पायाला भ्येतो व्हय?" मी तिच्याशीही भांडलो. आता आमच्याकडं कोणी फिरकत नाही.

आणखी एक. पडली त्या दिवशी आई साईबाबांच्या दर्शनाला गेली होती असं तिनं तुला सांगितलं. ती राहात्याला गेली होती, पुष्पावतीच्या घरी, माझ्यासाठी तिला मागणी घालायला. मीच पाठवलं. ताट भिरकावलं होतं, तीन दिवस जेवलो नव्हतो. तिथं काय बोलणं झालं ते तिनं अजून सांगितलेलं नाही. परतीच्या एसटीत चढताना पायरी चुकली, एवढंच मला माहीत. पुष्पावतीनं तिला पाणी तरी दिलं का, हे अजून विचारावंसं वाटतं. त्याचीच लाज वाटते.

गुरुवारी, सतरा तारखेला, नगरला भूल देऊन गुडघा वाकवणार आहेत. नंतर घरी रोज वाकवला नाही तर पाय जन्माचा असाच राहील म्हणाले. अक्का, तू ये. पाय तू वाकव. मी उशाशी बसेन, आणि ती बघेल तेव्हा मान फिरवणार नाही.

ती ज्याच्यासाठी राहात्याला गेली,
तो तुझा भाऊ
गोरक्ष