तुरळक ठिकाणी पाऊस

प्रिय राखी,

रोज संध्याकाळी फोनवर तू पुण्याचं हवामान सांगतेस आणि मी आपल्या तांड्याचं. ही सवय मीच लावली. शाळेच्या आवारातला पर्जन्यमापक मी सतरा वर्षं रोज सकाळी साडेआठला वाचला. पंधरा मिलिमीटरपर्यंत हलका, चौसष्टपर्यंत मध्यम, त्यापुढे मुसळधार, हे तुला सातवीतच तोंडपाठ होतं.

म्हणूनच गेल्या महिन्यात तू ‘आज तुरळक ठिकाणी हलका पाऊस’ म्हणालीस, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. तुरळक म्हणजे साऱ्या जिल्ह्यात चारांपैकी एखाद्या ठिकाणी. हे अंदाज सांगणाऱ्याचं बोलणं झालं. अंगणात उभ्या माणसावर पाऊस पडतो किंवा पडत नाही. तू मोबाइलमध्ये वाचून सांगत होतीस.

मग मी खोदून विचारू लागलो, वारा कुठून आहे, ढग कसले आहेत. तू ‘अंशतः ढगाळ’ म्हणून विषय बदलायचीस. जावईबापूंना फोन दे म्हटलं की ओम नेहमी आंघोळीला गेलेला. माणूस इतकी आंघोळ करत नाही. आईच ती, तुझी याडी मलाच रागावली, ‘पोरीले कायले छळून राह्यले?’ मी तू सांगितलेलं वहीत लिहून ठेवू लागलो.

नऊ एप्रिलला तुझ्या आवाजामागे टिनावर गारा वाजत होत्या. शेजारी काम चालू आहे, असं तू म्हणालीस. रात्रीच्या बातम्यांत पाहिलं, तर पुणं कोरडं होतं. गारपीट झाली ती बाभुळगावला, तुला शिकवणाऱ्या इंदुताई राहतात तिथे.

दुसऱ्याच दिवशी मी बसने गेलो. त्यांच्या ओट्यावर तू तांदूळ निवडत होतीस. फार वाळली आहेस. हाक न मारताच मी परतीची बस धरली, कारण पुणं सोडल्यावर तू आपल्या घरी का आली नाहीस, ते मला ठाऊक होतं. लग्नाच्या दिवशी चार माणसांत मीच बोललो होतो, ‘आता काही झालं तरी वापस यायचं नाही.’

तो शब्द मी परत घेतो. फोनवर म्हटलं असतं तर तुला खरं वाटलं नसतं, म्हणून लिहून देतो आहे. याडीलाही सगळं सांगितलं, ती भांडते आहे ती माझ्याशीच. ओमचं काय झालं ते वाटलं तर सांग, नाहीतर राहू दे. रविवारी इंदुताईंकडे तुला घ्यायला येतो.

तुझाच,
बापू