कापसाच्या तंतूची फुली

जळगाव,
८ फेब्रुवारी १९७०

प्रिय धनू,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. घरी सगळे मजेत, सासूबाई प्रेमळ, धुळ्याला थंडी बेताची, आणि दुर्बीण पोत्यात बांधून माळ्यावर. आठ महिने आरसा घासून तू केलेली दुर्बीण, आणि तिच्याबद्दल अर्धी ओळ! मला राग आला. तुझ्यावर नाही. कोणावर ते सांगतो.

तुझी वही इथेच राहिली. तिच्यात शेवटचा बेत अर्धवट होता: मोठ्या दुर्बिणीतून आकाशाचा नखाएवढा तुकडा दिसतो, तारा सापडता सापडत नाही, म्हणून तिच्या पाठीवर जास्त आकाश दाखवणारा छोटा फाइंडर हवा. तो मी केला. हसू नकोस. मॅट्रिक नापास कापूसवाल्याने केला.

आधी चूकही व्यापाऱ्याचीच केली. जितकं मोठं दिसेल तितका माल चांगला, असं समजून डोळ्याशी लावायला चष्मेवाल्याकडून जबर ताकदीचं भिंग आणलं. भरदुपारी गच्चीवरून पाण्याची टाकी बघितली, तर टाकीचा नुसता एक खांब! मग वही नीट वाचली. फाइंडरने मोठं नाही, पुष्कळ दाखवायचं. आता पुढे वीस सेंटिमीटर फोकसचं भिंग आहे, डोळ्याशी पाच-पाचची दोन, फुगीर पोटं एकमेकांकडे करून. एकटं होतं तेव्हा कडेचे खांब वाकत होते, दोघांनी बरेच सरळ केले. पाचपटच दिसतं, पण अख्खी टाकी, शेजारची चिंच आणि जिनिंगचं धुराडं एकदम. कडेला जांभळी झाक येते. येऊ दे. नळी वळून देणारा झिपरू पत्रेवाला मात्र बघून ओरडला, "आबा, हाई बठ्ठं उलटं शे!" म्हटलं, ताऱ्यांना कुठे डोकं-पाय असतात?

तारा नेमका मधोमध धरायला नळीत फुली हवी, ती अडली. तुझ्या आईचा केस ताणला तर दोरखंड दिसला. वहीत तू कोळ्याच्या जाळ्याचा धागा लिहिलायस. जैनाची पोर ना तू? एका जिवाचं घर मोडून आकाश बघायचं? मग धरणगावच्या कापसाची चिमूट घेतली. तीस वर्षं दोन्ही अंगठ्यांत कापूस ओढून त्याची लांबी सांगतोय मी. दोन तंतू सोडवले आणि आडवे-उभे लाखेने चिकटवले. अशी बारीक फुली आली की बघत राहावं.

आता राग कोणावर, ते. तुझ्या सासऱ्यांवर नाही. प्रेमचंदजींनी काही मागितलंच नव्हतं, धनू. सुपारी फुटायच्या दिवशी, ठरलेलं मोडेल या भीतीने मीच आपणहून शब्द दिला, की पोरीचं हे खूळ लग्नानंतर बंद होईल. ते बिचारे माझा शब्द पाळताहेत, आणि तू मुकाट सोसते आहेस. बाजार कोसळला तरी सौद्यातला शब्द मी कधी फिरवला नाही. हा फिरवणार. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. सगळ्यांसमोर सांगणार, की या दलिचंदला, पोरीच्या बापाला, असा शब्द द्यायचा हक्कच नव्हता. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. मग मी स्वतः माळ्यावर चढणार. शिडी तू धर.

तुझाच, शब्द मोडायला निघालेला,
आबा