यंत्रात न आलेला धक्का

आण्णा, तुमची पोरगी गेले सहा आठवडे एका पुस्तकाच्या तीनच पानांवर बसून आहे. खोटं वाटेल तुम्हाला. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. तेवढ्या काळात मी डिप्लोमा अर्धा सोडला, बी.ए. पहिल्याच वर्षी सोडलं, मलकापुरात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसले आणि एक दिवस मैत्रिणीच्या गाडीवर मागं बसून गोव्याला गेले ती चार महिन्यांनी परत आले. आता सांगलीत हळदीच्या एका व्यापाऱ्याकडं नमुन्याच्या पिशव्यांना चिठ्ठ्या लावते. बोटं कायम पिवळी. ग्रंथालयाच्या त्या पुस्तकावरही माझे ठसे उमटलेत. मॅडम म्हणतात, "कुठवर वाचलंस ते तुला विचारायलाच नको, दिसतंय."

मॅडम म्हणजे एक निवृत्त प्राध्यापिका. दर रविवारी सकाळी ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर दहाबारा जणांना घेऊन त्या एकच तत्त्वज्ञ वाचतात. मी वर गेले होते फोन चार्ज करायला, खालचा प्लग बिघडला होता म्हणून. चार्जिंग झालं तरी उठवेना. हा तत्त्वज्ञ गेल्या शतकातला, परदेशी, भाषा आणि मन यांच्या मागं हात धुऊन लागलेला. मला समजलं तसं सांगते. समजा, माझ्या आत काहीतरी होतं आणि मी त्याला एक शब्द देते, जो फक्त मलाच कळतो. उद्या पुन्हा तसंच झालं की पुन्हा तोच शब्द. पण ते तसंच आहे का, हे तपासणार कोण? मीच. म्हणजे मला वाटेल ते बरोबर. आणि चुकायची सोयच नसेल तर बरोबर म्हणण्यात तरी काय राहिलं? शब्दाला चारचौघं लागतात! हे वाचलं आणि मी खुर्चीतून उठलेच. अहो, हे तर कोयनानगरात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. जमीन हलल्यासारखी वाटली की हातातला कप तसाच धरून आपण शेजारच्याकडं बघतो, "जाणवला का रं?" तो "व्हय" म्हणाला तर धक्का, "न्हाई गड्या" म्हणाला तर ट्रक गेला असेल. आणि तुम्ही तर भूकंपमापकाच्या खोलीतले. सगळी कॉलनी शेवटी तुमच्याकडंच येणार.

मी हात वर केला आणि आठवीतली ती दुपार सांगितली. मला धक्का जाणवला, यंत्राला नाही, मग खरं कोण? मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे पाच पानांत लिही. पुढच्या रविवारी साताऱ्याच्या कॉलेजातली मंडळी येणार आहेत, त्यांच्यापुढं वाच. मग तुझ्या प्रवेशाचं मी बोलते त्यांच्याशी." कुठल्याही कॉलेजात मला मनापासून जावंसं वाटलं ते आयुष्यात पहिल्यांदा. लिहायला बसले. पानं भराभर झाली. अडचण एकच. मला काहीच जाणवलं नव्हतं.

ती दुपार अशी. गणिताची चाचणी. पहिलंच उदाहरण सुटत नाहीये, आणि माझ्या तोंडून निघून जातं, "भूकंप!" अख्खी शाळा मैदानात. पायऱ्यांवर पाचवीतली एक पोरगी पडते, तिचा गुडघा फुटतो. हेडसर कोकणातून नुकतेच बदलून आलेले. ते तुम्हाला बोलावून घेतात. तुम्ही येता, कानावर पेन्सिल तशीच.

"अहो, यंत्रात काही आहे का ते सांगा. नाहीतर ह्या मुलीला मी घरी बसवतो."

तुम्ही माझ्याकडं वळता. "आवाज आदी आला का हलल्यावर?"

"आवाज न्हवताच, आण्णा. नुसतं हललं."

तुम्ही हेडसरांना म्हणता, "यंत्रात काय न्हाई, सर. पण पोरगी जाणवला म्हणती, तर जाणवला आसंल. तिला काय बोलू नगा."

संध्याकाळी स्वयंपाकघरात भाकरी मोडता मोडता तुम्ही एवढंच म्हणालात, "उद्या त्या पोरीच्या घरी जाऊन ये. काय बोलायचं ते तुझं तू बघ." मी गेले. दोन पेरू दिले, गुडघा बघितला, काही न बोलता परत आले.

परवा दुकानात चिठ्ठी लावता लावता एकदम डोक्यात लख्ख झालं. तुम्ही यंत्रावर विसंबलाच नव्हता! आपल्या डोंगरात धक्क्याआधी जमिनीतून गडगड येते, हे तिथं राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक. हेडसरांना तुमचा प्रश्न कळलाच नाही. माझा शब्द तुम्ही चारचौघांच्या शब्दाला लावून बघितलात आणि तो लागला नाही. तुम्हाला त्याच क्षणी कळलं होतं. तरी तुम्ही तुमचा शब्द माझ्या बाजूनं टाकलात. मी पिशव्या तिथंच टाकून मॅडमना फोन लावला.

"मॅडम, ते उदाहरण खोटं आहे. मी खोटं बोलले होते."

त्या म्हणाल्या, "पाच पानं फाड. खरं घडलं ते लिही. प्रवेशाचं काय होईल ते मात्र मी आता सांगू शकत नाही."

फाडली. नवी लिहिली, ही जास्त बरी झालीत. प्रवेश मिळो न मिळो, कधी एकदा रविवार येतोय असं झालंय. तिथं सगळ्यांदेखत मी खरं सांगणार आहे. पण त्या दुपारनंतर दोन वर्षं मी रोज तुमच्या ताटाला ताट लावून जेवत होते, तेव्हा नाही जमलं. हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून इतकं सरळ लिहून झालं. तुम्ही खरोखर समोर येऊन बसलात ना आण्णा, तर मी आजही त्या तत्त्वज्ञाचंच काहीबाही सांगत बसेन.