बेंचमार्कची फोड

११ जानेवारी १९५३
सर्व्हेवाले खटकचिंचोळीत आले. आमच्या घराच्या जोत्याच्या दगडात आडवी खाच कोरली, खाली बाण. कशासाठी विचारलं, तर साहेब घाईत 'बेंचमार्क' म्हणाले आणि जीपमध्ये बसले. गावात इंग्रजी फक्त मला येतं. जबाबदारी वाढली.

१२ जानेवारी, सकाळी
डिक्शनरी पाहिली. बेंच म्हणजे न्यायासन. मार्क म्हणजे खूण. षष्ठी तत्पुरुष. आमच्या घरात कोर्ट बसणार. बाण वर दाखवतो, म्हणजे वरचं कोर्ट.

१४ जानेवारी
संक्रांत. शाळामास्तरकीचा राजीनामा दिला. कोर्टाला इंग्रजीवाला शिरस्तेदार लागेलच. बायको निलम्मा म्हणाली, कोर्टाला गावात दुसरं घर न्हाई का? तिला व्युत्पत्तीत गती नाही.

२० जानेवारी
ओसरी रिकामी केली. चूल गोठ्यात हलवली. निलम्माची तक्रार: पिठात म्हशीचं शेपूट यायलंय. नोंद घेतली.

२ फेब्रुवारी
शेजारच्या भीमण्णाचा भावाशी बांधाचा तंटा. भालकीच्या कोर्टात जायलोय म्हणाला. थांबवलं. कोर्टच इकडं येत असता भालकीला कशाला?

१९ फेब्रुवारी
निलम्मा माहेरी, कमठाण्याला गेली. बरंच झालं. सरकारी कामात घरच्यांची लुडबुड नको. भाकरी करपली.
भीमण्णाच्या भावानं बांध नांगरून टाकला. भीमण्णा दारात बसून आहे. पहिली केस तुझीच घेऊ, असं आश्वासन दिलं.

३ मार्च, दुपारी
जीप आली. साहेबांना खुर्ची दिली. त्यांनी पाणी मागितलं. मी कोर्टाची तारीख विचारली. त्यांना काही कळेना. मग त्यांनीच खुणेचा अर्थ समजावून सांगितला. त्या खाचेत लोखंडी पट्टी अडकवतात, उंची मोजायची काठी तिच्यावर टेकते. ती पट्टी म्हणजे बेंच. समुद्रसपाटीपासून इथली उंची सुमारे दोन हजार फूट.
भीमण्णा सगळं ऐकत होता. उठून गेला.
डिक्शनरी जुनी असावी.

४ मार्च
शाळेत गेलो. माझी जागा आधीच भरली होती.

७ मार्च, कमठाणा
सासरे जगदेवप्पा यांना शब्दाचा खरा अर्थ फोड करून सांगितला. उंचीही सांगितली. ते व्हय म्हणाले. निलम्मा आतूनच म्हणाली, एवढ्या उंचावरचं घर सोडून खाली कामून आलात?
ओसरीच्या कडेला बसलो. बसा असं कोणी म्हणालं नव्हतं.