परमिटचे प्लास्टिक

३ ऑक्टोबर
काल मी बोलत असताना ह्यांनी कानात कापूस घातला. कान दुखत नव्हता, मी विचारून घेतले. घरात ऐकणारे माणूस उरले नाही, म्हणून ही वही.
ठरवले आहे. गाडीने सरहद्दीपलीकडे, डोंगरातल्या एका खेड्यात चार दिवस. दोन खोल्या, टीव्ही नाही, शेजार नाही. चौतीस वर्षे रेकॉर्ड सेक्शन सांभाळला, आता मला शांतता हवी. गाडी अर्थात मीच चालवणार. ह्यांना येत नाही.

५ ऑक्टोबर
ह्यांनी वन्संना परस्पर बोलावले. कारण काय, तर तुला बोलायला कोणीतरी हवं ना. मला! किळस आली. निषेध म्हणून अर्धा तास गप्प बसले. ह्यांच्या मते सात मिनिटे.

९ ऑक्टोबर
प्रवासाचे सतरा नियम केले. गाडीत खायचे नाही, बडबडायचे नाही. अकरावा महत्त्वाचा : गाडी परक्याच्या भरवशावर कधीही, कुठेही सोडायची नाही. वन्सं म्हणाल्या, वहिनी, श्वास घ्यायचा कितव्या नंबरवर आहे? पाचकळपणा.

१२ ऑक्टोबर
गाडी पलीकडे नेण्याचे परमिट आले. फुंकर मारली तर उडेल असा कळकट कागद. निरोपसमारंभात ऑफिसने मला दिलेल्या मशीनवर ताबडतोब लॅमिनेट केले. नियमांचे कार्डही केले. वन्संनी विचारले, मग नाक्यावर शिक्का कुठे मारणार? ज्यांना घरचे वीजबिल सापडत नाही, त्यांनी कागदपत्रांवर बोलू नये.

१७ ऑक्टोबर, सकाळी १०
निघालो. तिसरा नियम समजावून सांगत होते. शंभर किलोमीटरनंतर मागे पाहिले तर दोघेही झोपलेले. तोंडे उघडी. शी.

दुपारी २, नाका
कारकुनाने शिक्का मारला. शाई ओघळली. त्याने ती बोटाने पुसून दाखवली आणि बोट टेबलाला पुसले. दाबून कसा मारायचा ते मी शिकवले. पुन्हा ओघळली. म्हणाला, बाई, माणसं पासपोर्टवर जातील, गाडी नाही जायची. प्लास्टिक सोलायला गेले तर त्याबरोबर गाडीचा नंबरच निघून आला. काम पक्कं केलंय मात्र, म्हणाला. नाक्यावर समज असलेला तेवढा एकच.

३ वाजता
ज्या घरी उतरणार होतो तिथली मालकीण, फोन केल्यावर, जीप घेऊन फाटकापलीकडे आली. वन्सं म्हणाल्या, वहिनी, गाडी राहू द्या इथं, शिपाई लक्ष ठेवील. शिपाई माझ्या बॉनेटवर डबा ठेवून जेवत होता. बोटे चाटत.
मी काही बोलायच्या आत ह्यांनी खिशातून कार्ड काढून अकरावा नियम वाचला. मोठ्याने, दोनदा. मग म्हणाले, तुझं बरोबरच असतं गं. लग्नानंतर प्रथमच.
नियम माझाच. गाडी परत नेणे भाग आहे.

४ वाजता
फाटकाशी सुपूर्द केले : हे. वन्सं. बॅगा दोन, थर्मास एक, ह्यांच्या गोळ्यांचा डबा. माझी शालही, वन्संना थंडी वाजत होती.
ह्यांच्याकडून परत मिळाले : नियमांचे कार्ड एक. कापसाची पुडी एक, अर्धी. आता लागायची नाही म्हणाले.