उमावहिनीचा हात

मुंबई,
ता. ८ ऑगस्ट १९५४

तीर्थस्वरूप दादास,
मालिनीचे सा. न. वि. वि.

आधी खाली बैस. पहिलं बक्षीस! आमच्या कलाशाळेच्या वार्षिक प्रदर्शनात मी कोळशाने काढलेल्या चित्राला! शरदचंद्र सरांच्या निसर्गचित्रांचं तर वर्तमानपत्रात कौतुक आलंय, आणि शेजारच्या वर्गातल्या मुलींनी रंगवलेला नाटकाचा पडदा एका कंपनीने विकत मागितलाय. सगळी शाळा हवेत आहे.

चित्र म्हणजे मे महिन्यात काढलेलं, आपली उमावहिनी भाकरी थापताना. गंमत सांगते. सर म्हणाले, उजवा हात चुकलाय, अंगठा आणि तर्जनीच्या मधे असा खड्डा नसतो, तिथे मांस असतं, भर तो. मी म्हटलं, सर, मी पाहिलं तेच काढलंय. ते रागावले, पण खड्डा राहिला. परीक्षकांनी नेमकी त्या हाताचीच वाखाणणी केली. वहिनीला सांग, अर्धं बक्षीस तिचं.

चिमीचा तिच्या आत्यातर्फे पापा घे. माया असू दे.
तुझी बक्षीसवाली,
मालू


बदलापूर गाव,
ता. १४ ऑगस्ट १९५४

चि. मालूस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

शाब्बास गं! आता तुझ्याशी बोलायला आम्हाला आधी चिठ्ठी पाठवावी लागणार वाटतं. मी अंबरनाथला कारखान्यात असतो, त्यामुळे पत्र आलं की शेजारच्या कमळाबाई ते ओसरीवर आईला मोठ्याने वाचून दाखवतात, हे तुला ठाऊक आहेच. यावेळी निम्मी आळी ऐकायला होती. तेव्हा माझी टिंगल जरा जपून कर.

आईची तर छाती फुगली आहे. सगळ्यांना सांगते, आमच्या सूनबाईचा हातच तसा तयार झालाय, तिला सांडशी लागत नाही, चुलीवरचा तवा नुसत्या हाताने उतरवते. खरंच आहे. परवा तिच्या बोटांवर टरारून फोड आले होते. मी ओरडलो तर हसायला लागली. म्हणाली, कधी भाजलं ते कळलंच नाही. वेंधळी आहे झालं. हल्ली हातातून वाट्याही सुटतात.

प्रकृतीला जप.
तुझा,
दादा


मुंबई,
ता. १७ ऑगस्ट १९५४

(हे पत्र फक्त दादाने वाचावे.)

तीर्थस्वरूप दादास,
सा. न. वि. वि.

मला काही सुचत नाही, म्हणून सरळ लिहिते. प्रदर्शनाला एक म्हातारे डॉक्टर आले होते. माझ्या चित्रापुढून हलेचनात. हा हात कोणाचा, म्हणून विचारलं. मी फुशारकीने सांगितलं. मग त्यांनी विचारलं, या बाईंना भाजलेलं कळतं का? दादा, तुझं पत्र माझ्या पिशवीतच होतं. मी ते त्यांना वाचून दाखवलं.

त्यांना महारोगाची शंका आहे. तपासल्याशिवाय नक्की म्हणणार नाहीत. आता गोळ्या निघाल्या आहेत, वेळेवर घेतल्या तर माणूस बरा होतो, असं त्यांनी मला दोनदा बजावलं. घरातल्या सगळ्यांनाच तपासून घ्या म्हणाले. वहिनीला ताबडतोब घेऊन ये. आईला इतक्यात काही सांगू नकोस. तुझ्या पाया पडते.

तुझी,
मालू


बदलापूर गाव,
ता. २९ ऑगस्ट १९५४

चि. मालूवन्सं यांस,
उमाचे आशीर्वाद.

अक्षर वेडंवाकडं आहे, पेन हातातून निसटतं, सांभाळून घ्या. पत्रावर फक्त दादाने वाचावे असं होतं ना, कमळाबाईंनी पहिल्यांदा तेच मोठ्याने वाचलं. पुढचं वाचताना त्या मधेच थांबल्या आणि पत्र खाली टाकून आधी हात धुवायला गेल्या. त्यावरून सगळ्यांना कळलं.

आता माझं ताट मागच्या पडवीत असतं. चुलीजवळ जायचं नाही. चिमी सासूबाईंपाशी. तुमचे दादा मुंबईला नेतो म्हणतात, पण रजेला कारण काय सांगायचं, इथे गाडं अडलंय. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत.

तुमच्यावर राग नाही हो. आठ वर्षं या घरात भाकऱ्या थापल्या, पण माझ्या हाताकडे नीट पाहिलं ते तुम्ही एकट्यांनी. म्हणून तुम्हालाच लिहिते.

काल सासूबाई देवळात गेल्या तेव्हा चिमी धावत माझ्याकडे आली. तिला न्हाऊ घातलं. पाठीवर डाव्या बाजूला एक फिकट डाग दिसला. मी तिथे चिमटा काढला. ती हसली. मग जोरात काढला, वन्सं, नख रुतेपर्यंत. तरी माझ्याकडे बघून हसतच राहिली.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. सरपण घेऊन वाडीवरची राही येते, तीच हे पत्र पेटीत टाकेल. उत्तर पाठवू नका, ते ओसरीवर वाचलं जाईल. तुम्हीच या. चिमीला घेऊन जा.

माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नका.
तुमची वहिनी,
उमा